ठमीचं अप्रेझल

माणसं ओळखण्याचा मला पगार मिळतो. ठाण्यातल्या एका कंपनीत मी एचआरमध्ये आहे. समोरचा उमेदवार खुर्चीत कसा बसतो, पाण्याचा ग्लास उचलताना कुणाकडे बघतो, 'तुमच्यातला एक दोष सांगा' म्हटल्यावर त्याची नजर छताकडे जाते की बुटांकडे, यावरून तो कंपनीत किती टिकेल हे मी सांगतो. टिकेल म्हणून सांगितलेले बहुतेक जण दिवाळीचा बोनस घेऊन पसार होतात, तो भाग वेगळा. सांगायचा मुद्दा, वर्तन हा माझा प्रांत.

म्हणून ऑगस्टात बायको बँकेच्या ऑडिटसाठी नाशिकला निघाली आणि सूचनांचा भलामोठा कागद फ्रिजला चिकटवू लागली, तेव्हा मी म्हणालो, "अगं, अख्खा मजला सांभाळतो मी ऑफिसात. एक पोरगी नाही सांभाळता येणार?"

तिने काही न बोलता कागदावर आणखी एक मॅग्नेट लावलं.

पोरगी म्हणजे ठमी. वय वर्षं दोन. जन्मदाखल्यावरचं नाव फारच संस्कृत आहे, पूर्ण उच्चारेपर्यंत ती बाथरूममधली बादली पालथी करून आलेली असते. तिचा दिनक्रम ठरलेला. उठल्याबरोबर ओट्याखालचा ड्रॉवर रिकामा करायचा, त्यातल्या झाकणांची खोलीभर मांडणी करायची, ती आवरणाऱ्या माणसाला झाकणानेच मारायचं, मग प्लेग्रुपला जायचं. घरात तिसरे होते आमचे बाबूमामा. मामा सांगलीकडचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे उतरलेले. एका डोळ्याचं झालं होतं, दुसरा रांगेत होता. काळा चष्मा लावून ते दिवसभर हॉलमधल्या खुर्चीत बसत आणि संध्याकाळी गावाकडे फोन करून म्हशींची चौकशी करत. बायको निघाली तेव्हा माझा हिशेब असा होता की घरात सांभाळायला दोघं आहेत, एक लहान आणि एक म्हातारं.

पहिली ठिणगी जेवणात पडली. मऊ वरणभात, वर साजूक तूप, लिंबू पिळलेलं. हा ठमीचा जीव की प्राण. तिने आ केला, मी घास भरवला. ती थांबली. डोळे मोठे झाले, त्यात टचकन पाणी आलं, मग जिभेने ढकलून ढकलून तिने सगळा घास लाळेरं भरून बाहेर काढला आणि वाटीला असा हात मारला की वरण थेट पंख्याच्या रेग्युलेटरवर.

दुसरा बाप घाबरला असता. मी लॅपटॉप उघडला. बायको गेल्यापासून मी ठमीच्या वागण्याची एक्सेल शीट ठेवत होतो. तारीख, वेळ, वर्तन, संभाव्य कारण, उपाययोजना. मी लिहिलं : 'जेवणास नकार. कारण : स्वायत्ततेची चाचणी. उपाय : पर्याय देणे.'

"तोंडात बघ की तिच्या," मामा खुर्चीतून म्हणाले.

"मामा, हे वागणं आहे. या वयात मुलांना 'नाही' म्हणून बघायचं असतं. आपण शांत राहायचं."

"ऱ्हा शांत. पन तोंडात बघ."

मी शांत राहून पर्याय दिले. टोमॅटोचं सार दिलं, किंकाळी आली. मोसंबीचा रस दिला, ग्लास आला. शेवटी, तत्त्वं गुंडाळून, खारे वेफर्स दिले. ते तिने आनंदाने तोंडात घातले आणि जमिनीवर पालथी पडून हंबरडा फोडला. नोंद : 'लाच दिल्यास वर्तन अधिक बिघडते.' एचआरमधल्या इतक्या वर्षांत इतका स्वच्छ निष्कर्ष मला कधी मिळाला नव्हता.

दुपारपासून लाळ गळायला लागली. नेहमीची नव्हे, धार. समोरच्या काकू डबा परत द्यायला आल्या होत्या, त्यांनी लांबूनच निदान केलं : "दाढा येतायत." दुसऱ्या दाढा साधारण याच वयात येतात हे खरंच आहे, त्यामुळे मला ते पटलं. पण आता वाटतं, दातांच्या नावावर आपण काय काय खपवतो! पोराला ताप आला, दात. जुलाब, दात. खोकला, दात. रात्री दोनला जागं झालं, दातच. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल किरकिरं होतं, अंग किंचित कोमट लागतं, एवढंच. खणखणीत ताप दातांनी येत नाही. पण दात बिचारे बोलत नाहीत, आणि काकूंना कोण सांगणार?

संध्याकाळी मात्र चमत्कार झाला. ठमी माझ्या मांडीवर येऊन बसली आणि बसूनच राहिली. ड्रॉवर बंद. झाकणं जागच्या जागी. रिमोटला हात नाही, माझ्या चष्म्याला हात नाही. मी एक मीटिंग पूर्ण केली, तीसुद्धा कॅमेरा चालू ठेवून. टीमने विचारलं, मुलगी इतकी शांत कशी? मी 'सातत्यपूर्ण संवाद' या विषयावर चार वाक्यं बोललो. मग मांडीवरच्या ठमीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली ओळ : 'थोडी शिस्त, थोडं प्रेम.' धडाधड अंगठे आले. एका मावशींनी 'संस्कार' लिहून पुढे हात जोडले. आईने लिहिलं, 'आधी दृष्ट काढ.' बायकोने फक्त विचारलं, 'ड्रॉवर?' मी अभिमानाने उत्तर दिलं, 'हातही लावला नाही!' तिकडून बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग काहीच आलं नाही. ती ऑडिटच्या मीटिंगमध्ये ओढली गेली होती हे नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं, भारावली असेल.

"पोरगी गप हाय," मामा म्हणाले.

"हो ना!" मी म्हणालो.

"अरं, गप हाय."

"तेच तर म्हणतोय मामा, जमलं!"

मामांनी चष्मा काढून ऑपरेशन झालेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "आमची कोपऱ्यातली म्हस हाय न्हवं, ती शिंगं मारती, दावं तोडती, धार काढताना बादलीला लाथ घालती. तवर मी निवांत झोपतो. ज्या दिशी ती मान टाकून गप उभी ऱ्हाती, आंबोणाला तोंड लावत न्हाय, रवंथ करंना, नाकावरचं दव सुकतंय, त्या दिशी मी रातीचा डाक्टरला उठवतो. शानी झाली म्हून पेढं वाटत न्हाय."

मी हसलो. गोठा आणि बालमानसशास्त्र यांतला फरक मामांना समजावून सांगणं मला बरं वाटेना. शीटमध्ये मात्र मी 'सहकार्य' या रकान्यात पाचपैकी पाच दिले.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला आणि तिच्या देखरेखीखाली दृष्ट काढली गेली. मी दृष्टबिष्ट मानत नाही. आईसमोर मानतो. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या ठमीवरून उतरवून मी तव्यावर टाकल्या. मिरची खमंग जळली म्हणजे दृष्ट लागलेली नव्हती, असं काहीसं शास्त्र आहे. आमची इतकी जळली की मी खोकलो, मामा खोकले, ठमी खोकली, समोरच्या काकू दार उघडून खोकल्या. त्यामुळे त्यानंतरच्या अर्ध्या तासात घरात कुणाला खोकला आहे आणि कुणाला नाही, हा महत्त्वाचा पुरावा कायमचा नष्ट झाला.

ताप मी पाहिला नव्हता, असा आरोप कुणी करू नये. कोविडच्या काळात घेतलेलं कपाळावर रोखायचं पिस्तूल घरात होतं. ते ठमीवर रोखलं, ९७.२. समाधान. पुढे कुतूहल म्हणून स्वतःवर रोखलं, ९७.२. मामा, ९७.२. फ्रिजवरचा बायकोचा कागद, ९७.२. त्या कागदावर खरं तर पाचव्या क्रमांकाला लिहिलं होतं, 'पिस्तूल बिघडलंय. काखेतला थर्मामीटर कपाटात वरच्या कप्प्यात.' पण त्यासाठी कागद वाचायला हवा होता.

रात्र वाईट गेली. ठमीला आडवं केलं की रडायची, उचललं की हुंदके देत गप्प. मधूनच कान चोळायची. मी मोबाईलवरच्या झोपेच्या अ‍ॅपप्रमाणे 'रडू द्या, पाच मिनिटांनी जा' हा प्रयोग केला. पाच मिनिटं कुणाची संपली नाहीत. मामा उठून आले, पोरीला उचललं, हॉलमधल्या खुर्चीत बसले आणि तिला छातीशी उभी धरून पहाटेपर्यंत तसेच बसून राहिले. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने जागू नये, हे मी त्यांना सांगितलं आणि जाऊन झोपलो.

सकाळी प्लेग्रुपची वेळ झाली तरी ठमी बूट घालेना. पायाला बूट लागला की लाथ. मी गुडघ्यावर बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, शांत आवाजात, 'मला कळतंय तुला राग आलाय' वगैरे पाठ केलेलं म्हणत होतो. मामा आले. त्यांनी मला बाजूला सारलं, खाली मांडी घातली, पोरीचा पाय हातात घेतला आणि खुराचा तळ बघायला जनावराचा पाय उचलतात तसा अलगद वळवला. तळव्यावर, टाचेच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी मसुराच्या दाण्याएवढे लंबगोल ठिपके होते. कडेला लाल, मध्ये करडे, थोडे फुगलेले. मग हाताचा तळवा उघडला. तिथेही. मग मामांनी 'आ' केलं, ठमीनेही केलं. मोबाईलच्या उजेडात जिभेच्या कडेला आणि टाळूपाशी पांढुरकी तोंडं आलेले व्रण दिसले. त्या व्रणांवर मी आदल्या दिवशी लिंबू, टोमॅटो, मोसंबी आणि मीठ या क्रमाने ओतलं होतं.

"लाळ गळती. तोंड आलंय. पायात फोड," मामांनी बोटांवर मोजलं. "ही लाळ-खुरकत हाय."

"मामा, ती म्हशींना होते!"

"मग हिला काय झालंय म्हंतोस? स्वायत्तता?"

आता प्लेग्रुपचा ग्रुप उघडला. दहीहंडीच्या पोशाखावरून तिथे इतकी चर्चा चालली होती की मी तो म्यूट केला होता. सोमवारी शाळेने टाकलेला निरोप सापडला : एका मुलाला हँड-फूट-माउथ झालं आहे, भूक मंदावणं, लाळ, चिडचिड, तळहात-तळपायांवर पुरळ दिसल्यास मुलाला घरी ठेवावं. त्याखाली पालकांचे प्रतिसाद होते. त्यात माझाही होता. हात जोडलेले.

डॉक्टरबाईंकडे मी लॅपटॉप घेऊन गेलो. बायको म्हणते, जगात कुणीही दोन वर्षांच्या आजारी पोरीला आणि लॅपटॉपला एकाच वेळी कडेवर घेतलेलं नसेल. (पोरगी मामांच्या कडेवर होती. पण तो मुद्दा मी ताणला नाही.) बाईंनी ठमीच्या काखेत थर्मामीटर लावला, १०१. तोंड पाहिलं, तळवे पाहिले, कान पाहिले. मी 'कान ओढणे : लक्षवेधन' ही ओळ दाखवत होतो. त्या म्हणाल्या, "कान ठीक आहेत. घशातलं दुखणं मुलांना कानात जाणवतं. पण तपासायला हवेतच. या वयात नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, सर्दीतून कानात पू लगेच होतो. मग मूल आडवं केलं की रडतं, गिळताना रडतं. नुसतं कान ओढण्यावरून मात्र काहीच ठरत नाही. काही मुलं कंटाळा आला तरी कान ओढतात."

मग त्यांनी विचारलं, "सकाळपासून शू किती वेळा?"

मी शीट खालीवर केली. रकाना नव्हता.

"तीनदा," मामा म्हणाले. "तिसऱ्यांदा जरा कमी."

"रडताना डोळ्यांत पाणी येतं?"

"येतंय."

"ताप उतरल्यावर खेळते का?"

"पहाटं घाम आला, तवा माझा चष्मा वढून फेकला. दोनदा."

"छान!" बाई म्हणाल्या. पाच हजारांचा चष्मा फेकल्याबद्दल डॉक्टरच्या तोंडून 'छान' मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर सगळा सल्ला त्यांनी मामांकडे बघून दिला. विषाणूचा आजार, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. आठवड्या-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने, दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, पुन्हा द्यायचं तर चार ते सहा तासांनी. आंबट, खारट, तिखट, गरम बंद. गार दूध, गार खीर, आईस्क्रीम चालू. भूक कमी असली तर असू दे, पाणी मात्र पोटात गेलं पाहिजे. "आठ तास शू झाली नाही, उलट्या थांबेनात, ताप तीन दिवसांवर गेला, झोपेत सारखी दचकायला लागली, चालताना तोल जाऊ लागला, किंवा ताप उतरूनसुद्धा मान टाकून पडून राहिली, तर वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले तरी यायचं."

"म्हंजे म्हशीसारखंच," मामा म्हणाले.

बाई हसल्या. जनावरांच्या लाळ-खुरकतीचा आणि याचा संबंध नाही, म्हणाल्या. गोठ्यातून हा येत नाही, गोठ्यात जात नाही. विषाणूंचं मूळ कुळ तेवढं एक, घराणी वेगळी. ठमीचा पाहुणा बहुधा कॉक्सॅकी, म्हणजे १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ज्या गावातल्या मुलांमध्ये तो पहिल्यांदा सापडला, त्या गावाचं नाव लावणारा. मामांनी तक्रार नोंदवली, म्हशींना सरकार वर्षातून दोनदा लाळ-खुरकतीची लस टोचतं, पोरीला काय न्हाय? बाईंनी सांगितलं की या गटातल्या एका विषाणूवर चीनमध्ये लस आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे साबण. इथे मी उत्साहाने पुढे सरसावलो : घरात कोविडपासूनचं सॅनिटायझर कॅनभर पडलेलं आहे! त्या म्हणाल्या, या विषाणूला त्याचं फारसं काही वाटत नाही. डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवा, पुढचे काही आठवडे. निघताना त्यांनी विचारलं, "काल जेवायला काय दिलं होतं?" मी क्रमाने सांगितलं. "चिंचेची चटणी राहिलीच की," त्या म्हणाल्या.

रात्री, शिक्षा म्हणून असेल, मी वाचत बसलो. बेंजामिन हार्ट नावाच्या माणसाने १९८८ साली मांडलंय की आजारी प्राणी सुस्त पडतो, खाणं सोडतो, कळपापासून दूर बसतो, हा नुसता अशक्तपणा नव्हे. ती शरीराने आखलेली मोहीम असते. जंतूंशी लढणाऱ्या पेशी रसायनं सोडतात, त्यांचा सांगावा मेंदूपर्यंत पोचतो, आणि मेंदू हुकूम काढतो : खेळणं बंद, हिंडणं बंद, झोपा. तापाला इंधन फार लागतं, अंग एक अंश सेल्सिअसने तापवायला नेहमीच्या दहाएक टक्के जास्त ऊर्जा मोजावी लागते. ती उधळपट्टी परवडावी म्हणून झाकणांची मांडणी रद्द. म्हणजे ज्या संध्याकाळी मी 'सहकार्य'ला पाचपैकी पाच दिले, त्या संध्याकाळी माझ्या मांडीवर युद्ध चाललं होतं. आणि हा हार्ट कोण? पशुवैद्यक. हे मी मामांना सांगितलं नाही. घरात आधीच त्यांचं फार वाढलं होतं.

बायको दुसऱ्या दिवशी आली. तिने ठमीला घेतलं, फ्रिजवरचा कागद काढून माझ्या हातात दिला आणि 'मोठ्याने वाच' म्हणाली. एवढंच झालं. पुढचं मी गाळतो.

आईस्क्रीमवर ठमी भराभर सुधारली. ज्या घरात साखरेला दोन वर्षं बंदी होती, तिथे सकाळी नऊला व्हॅनिला मिळू लागलं, आणि ही सवलत आजारानंतर मागे घेताना जे काही वर्तन घडलं, ते मात्र खरोखरच स्वायत्तता होतं. एका सकाळी ओट्याखालून सगळी झाकणं एकदम फरशीवर पडल्याचा आवाज आला. आम्ही दोघंही धावलो नाही. मामा गावी गेले होते, नाहीतर त्यांनी पेढे वाटले असते.

त्याच आठवड्यात माझा घसा दुखायला लागला. मोठ्यांना हा आजार सहसा होत नाही, झाला तर सौम्य होतो, असं बाई म्हणाल्या होत्या. मला झाला आणि सौम्य होता, असं बायको म्हणते. जिभेच्या कडेला चार व्रण, तळहातावर दोन फोड, आणि पाणी गिळताना सगळे पूर्वज आठवायचे. वार्षिक आढाव्याची ऑनलाइन मीटिंग त्याच दिवशी होती. बोलणं शक्यच नव्हतं. मी दीड तास मान हलवत बसलो. शेवटी साहेब म्हणाले की या वर्षी माझ्यात मोठा बदल जाणवतो, मी आता ऐकून घ्यायला शिकलोय, ही खरी प्रगल्भता. त्यांनी 'सहकार्य'ला पाचपैकी पाच दिले.

संध्याकाळी मामांचा फोन आला. तो बायकोने घेतला आणि, मला ऐकू जावं म्हणून, स्पीकरवर टाकला.

"जावईबापू खात्यात का काय?"

"आईस्क्रीम तेवढं खातो, मामा. ठमीच्या वाट्याचं."

"शिंगं मारतोय का?"

"सकाळपासनं. वरणात लिंबू का नाही म्हणून आत्ताच भांडून गेला."

"मग काय न्हाय त्येला," मामा म्हणाले. "ऱ्हाऊ दे बांधून."